दिल्या शब्दाचा कैवारी

आपल्याकडे दिलेल्या शब्दाला फार मोठा मान. आजीच्या मांडीवर बसून ऐकलेल्या निम्म्या गोष्टी कुणीतरी कुणाला तरी दिलेल्या वचनाच्याच असतात. राजा हरिश्चंद्र स्वप्नात दान केलेले राज्य जागेपणी विश्वामित्रांच्या पदरात टाकतो आणि बायकोमुलासह देशोधडीला लागतो. दशरथाने रणांगणावर कैकेयीला दोन वर दिले. ते तिने पुष्कळ वर्षांनी मागितले आणि रामाला वनवास घडला. देवव्रताने सत्यवतीच्या पित्यापुढे आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली आणि तो भीष्म झाला. या गोष्टी ऐकताना आपल्याला एवढेच दिसते की शब्द दिला आणि तो पाळला. त्यापुढचा प्रश्न आपल्या मनात येत नाही.

कायद्याच्या मनात मात्र तोच प्रश्न आधी येतो. या शब्दाच्या बदल्यात समोरच्याने काय दिले? काही दिले असेल, निदान काही करायचे कबूल केले असेल, तर शब्द पक्का. नाहीतर तो नुसता शब्द. या बदल्याला आपल्या कायद्याच्या भाषेत ‘प्रतिफल’ म्हणतात. एखाद्या आत्याने भर मांडवात दहा माणसांसमोर भाचीला पाटल्या करण्याचे कबूल केले आणि पुढे ती ते विसरली, तर भाची रुसू शकते, कोर्टात जाऊ शकत नाही. तीच आत्या सोनाराला पाटल्या घडवायला सांगून आली आणि सोनाराने त्या घडवल्या, तर मात्र तिला पैसे चुकवता येत नाहीत. एका शब्दामागे प्रतिफल आहे, दुसऱ्यामागे नुसती माया आहे.

या मापाने आपल्या पुराणातली वचने मोजून पाहिली तर मोठी गंमत होते. भीष्माचा शब्द टिकतो, कारण त्याच्या बदल्यात सत्यवतीचा हात त्याच्या पित्याला मिळाला. हरिश्चंद्राच्या दानाला प्रतिफलच नाही. सर्वांत अवघड प्रकरण दशरथाचे. कैकेयीने त्याचा जीव वाचवला होता हे खरे, पण ते वचनाच्या आधी आणि आपणहून. आधीच होऊन गेलेला उपकार हा नंतर दिलेल्या वचनाचा मोबदला धरायचा की नाही?

हा प्रश्न कीर्तनकाराचा वाटेल, पण तो तितकाच न्यायाधीशांचाही आहे. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये एका सरन्यायाधीशाने याच प्रश्नावर इंग्रजी कायद्याशी उभा दावा मांडला. नुसता गंभीरपणे दिलेला, लेखी दिलेला शब्दही कायद्याने पाळायला लावला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या देशात तो हरला. त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी आपल्या देशासाठी करारांचा जो कायदा झाला, त्यात मात्र त्याच्या म्हणण्याला बरीच जागा मिळाली आणि ती आजही आहे. या न्यायाधीशाचे नाव विल्यम मरे. जग त्याला लॉर्ड मॅन्सफिल्ड म्हणून ओळखते.

विल्यमचा जन्म २ मार्च १७०५ चा, स्कॉटलंडमधल्या पर्थजवळच्या स्कूनचा. एके काळी स्कॉटलंडच्या राजांचे राज्याभिषेक जिथे होत तेच हे गाव. वडील व्हायकाउंट स्टॉर्मंट, म्हणजे उमराव. पण घराणे मोठे आणि पैसा बेताचा. त्यातून घरातल्यांचा ओढा राज्य गमावलेल्या स्टुअर्ट वंशाकडे. विल्यमचा एक भाऊ, जेम्स, पुढे परागंदा झालेल्या स्टुअर्ट राजपुत्राच्या पदरी गेला. लंडनच्या दरबारात हे नाव घेऊन उभे राहणे सोपे नव्हते.

१७१८ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, हा मुलगा तट्टावर बसून चारशेहून अधिक मैलांच्या प्रवासाला निघाला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत दाखल झाला. तिथून ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात. मन वकिलीकडे ओढत होते, पण वकिली शिकायची म्हणजे काही वर्षे कमाई नाही आणि खर्च मात्र चालूच. धाकट्या मुलाला पोसत बसण्याची घराची ऐपत नव्हती. अशा वेळी फोली घराण्यातल्या एका उमरावाने त्याला वर्षाला दोनशे पौंड देऊ केले. त्याच्या बदल्यात काही मागितले नाही. पुढे ज्याने मोबदल्याविना दिलेल्या शब्दाची बाजू घेतली, त्याची स्वतःची वकिली अशाच एका शब्दावर उभी राहिली. १७३० साली लिंकन्स इनमधून तो वकील झाला.

त्याची वाणी विलक्षण गोड. समकालीन त्याला चांदीच्या जिभेचा म्हणत. कवी अलेक्झांडर पोप त्याचा जवळचा मित्र होता. स्कॉटलंडमधून हाऊस ऑफ लॉर्ड्सकडे येणारी अपिले तो मोठ्या संख्येने चालवू लागला आणि त्यामुळे दोन कायद्यांत तो सारखाच तरबेज झाला. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण इंग्लंड आणि स्कॉटलंड एका राज्यात आले तरी त्यांचे कायदे वेगळेच राहिले होते. इंग्लंडचा कायदा प्रतिफलाशिवाय करार मानत नव्हता. स्कॉटलंडच्या कायद्यात मात्र विचारपूर्वक दिलेले एकतर्फी वचनही देणाऱ्याला बांधते. शेजारच्याच देशात हे चालते, तिथे कुणाचा व्यापार बुडत नाही, कोर्टेही कोसळत नाहीत, हे मरे रोजच्या कामात पाहत होता.

१७३८ साली त्याचा विवाह लेडी एलिझाबेथ फिंच हिच्याशी झाला. १७४२ मध्ये तो सॉलिसिटर जनरल झाला. तीनच वर्षांनी स्टुअर्टांच्या बाजूने पुन्हा बंड झाले आणि बंडात सामील झालेल्या स्कॉटिश सरदारांवरचे खटले चालवण्याची वेळ याच स्कॉटिश माणसावर आली. त्याने ते चालवले. तरीही १७५३ साली, तरुणपणी त्याने स्टुअर्ट राजपुत्राच्या नावाने प्याला उंचावला होता, अशी जुनी कुजबुज उकरून काढण्यात आली. चौकशीत तो निर्दोष ठरला. १७५४ मध्ये ॲटर्नी जनरल आणि १७५६ मध्ये, म्हणजे पानिपतच्या आधी पाच वर्षे, तो किंग्ज बेंच या कोर्टाचा सरन्यायाधीश झाला. बॅरन मॅन्सफिल्ड हा किताब त्याला तेव्हाच मिळाला. या खुर्चीवर तो बत्तीस वर्षे बसला.

त्या काळचे लंडन म्हणजे जगाचा बाजार. वेस्ट इंडीजची साखर, बंगालचे कापड, व्हर्जिनियाचा तंबाखू, सगळ्याचे सौदे तिथे होत. हे सौदे रोख पैशांवर थोडेच चालतात? ते चालत हुंड्यांवर, विम्यावर आणि परस्परांना लिहिलेल्या पत्रांवर. ॲमस्टरडॅमच्या पेढीने लंडनच्या पेढीला लिहायचे, लंडनने होकार कळवायचा आणि त्या दोन ओळींच्या भरवशावर तिसऱ्या गावी जहाज भरायचे. आपल्याकडच्या सराफांच्या हुंडीइतकीच ही पद्धत विश्वासावर चाले. इंग्रजी कायदा मात्र जमीनदारांच्या काळात घडलेला. त्याला शेतीवाडी कळे, गहाणवट कळे. हुंडी कळत नसे.

मॅन्सफिल्डने हे ओळखले. व्यापाराच्या खटल्यांसाठी त्याने लंडन शहरातल्या अनुभवी व्यापाऱ्यांची खास ज्युरी वापरायला सुरुवात केली. हीच मंडळी पुन्हा पुन्हा ज्युरीत बसत. त्यांना तो घरी जेवायला बोलावी, बाजारात कोणता रिवाज कसा चालतो ते समजून घेई आणि तो रिवाज कायद्याच्या नियमात बसवी. १७६६ चा कार्टर विरुद्ध बोहम हा खटला त्यातलाच. ईस्ट इंडिया कंपनीच्या सुमात्रा बेटावरील मार्लबरो किल्ल्याचा विमा तिथल्या गव्हर्नराने उतरवला होता. किल्ला फ्रेंचांनी घेतला आणि विमेदार पैसे देईना. विम्याच्या व्यवहारात दोन्ही बाजूंनी एकमेकांशी पूर्ण सचोटीने वागले पाहिजे, हे तत्त्व मॅन्सफिल्डने या निकालात घालून दिले. आज आपण विम्याच्या अर्जात आपले आजारपण प्रामाणिकपणे लिहितो, त्याचे मूळ शोधत गेले तर या निकालापर्यंत पोचता येते.

त्याच्या आदल्याच वर्षी, १७६५ मध्ये, पिलन्स विरुद्ध व्हॅन मिरोप हा खटला त्याच्यापुढे आला. आयर्लंडमधल्या व्हाइट नावाच्या व्यापाऱ्याला आठशे पौंड हवे होते. रॉटरडॅमच्या पिलन्स अँड रोझ या पेढीने त्याची हुंडी सकारली, पण लंडनमधल्या भक्कम पेढीची हमी मागितली. व्हाइटने व्हॅन मिरोप अँड हॉपकिन्स यांचे नाव दिले. पिलन्सने त्यांना पत्र लिहून विचारले, की महिनाभरात व्हाइटच्या खात्यावर आम्ही तुमच्यावर आठशे पौंडांची हुंडी काढली तर तुम्ही सकाराल का? त्यांनी होकार कळवला. तेवढ्यात व्हाइटचे दिवाळे निघाले. व्हॅन मिरोप मंडळींनी घाईघाईने कळवले, की आता हुंडी काढू नका. पिलन्सने काढली. ती परत आली आणि प्रकरण कोर्टात गेले.

बचाव नेमका होता. पिलन्सने व्हाइटला पैसे दिले ते आमच्या होकाराच्या आधी. आमच्या शब्दाच्या बदल्यात त्यांनी नवे काहीच दिले नाही. होऊन गेलेली गोष्ट हे प्रतिफल नव्हे, म्हणून आमचा शब्द बंधनकारक नाही. कायद्याच्या जुन्या पुस्तकांप्रमाणे पाहिले तर यात चूक काढणे कठीण. दशरथाच्या वकिलानेही कैकेयीपुढे हेच सांगितले असते.

मॅन्सफिल्डने मुळालाच हात घातला. प्रतिफलाची अट आली कशासाठी, असा विचार त्याने केला. माणूस बोलण्याच्या भरात काहीही बोलून जातो; तो खरोखर मनापासून बोलला याला काहीतरी पुरावा हवा, म्हणून कायदा मोबदला शोधतो. पण वचन लेखी असेल, तेही व्यापाऱ्यांमधले असेल, तर पुरावा कागदावरच आहे. मग मोबदल्याचा आग्रह कशाला? त्याच्या सोबत बसलेल्या न्यायाधीशांनीही निकाल त्याच बाजूने दिला आणि पिलन्स जिंकले. दोनशे वर्षांचा नियम एका पत्रव्यवहाराने हलला होता.

हा आनंद तेरा वर्षेच टिकला. १७७८ मध्ये रॅन विरुद्ध ह्यूज हे प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. एका मृत माणसाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या इझाबेला ह्यूज या बाईने ९८३ पौंडांचे देणे भागवण्याचा शब्द दिला होता. हे पैसे तिने स्वतःच्या पदरचे द्यावेत काय, हा वाद होता. मॅन्सफिल्डच्या कोर्टाने तिच्याविरुद्ध निकाल दिला. वरच्या कोर्टाने तो फिरवला आणि लॉर्ड्सनी फिरवलेला निकाल कायम केला. इंग्लंडच्या कायद्यात करार दोनच प्रकारचे, असे त्यांनी ठरवले. एक शिक्कामोर्तब करून रीतसर केलेला दस्त, दुसरा साधा करार. साधा करार तोंडी असो वा लेखी, त्याला प्रतिफल हवेच. लेखी वचनांचा तिसरा वर्ग मॅन्सफिल्डला हवा होता. तो वर्ग आमच्या कायद्यात नाही, हे त्याला त्याच्या हयातीतच ऐकावे लागले.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मॅन्सफिल्ड तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता. त्याने समोरचा दरवाजा बंद झालेला पाहिला आणि बाजूची खिडकी उघडली. प्रतिफल हवेच ना? मग प्रतिफल कशाला म्हणायचे ते पाहू. १७८२ च्या हॉक्स विरुद्ध सॉन्डर्स या खटल्यात मृत्युपत्राप्रमाणे द्यायची रक्कम देण्याचे वचन एका बाईने दिले होते. मृत्युपत्राची अंमलबजावणी तिच्याकडे होती आणि रक्कम भागेल एवढी मिळकतही तिच्या हाती होती. मॅन्सफिल्डने म्हटले, की एखादी गोष्ट करणे हे माणसाचे नैतिक कर्तव्यच असेल आणि त्याने ती करण्याचा शब्द दिला, तर ते कर्तव्य हेच त्या शब्दाचे प्रतिफल. मुदत टळलेले कर्ज फेडण्याचे वचन, अज्ञानपणी घेतलेले कर्ज सज्ञान झाल्यावर कबूल करणे, दिवाळखोरीत सुटलेले देणे पुढे बरे दिवस आल्यावर देऊ करणे, ही सगळी वचने त्याने या एका सूत्रात ओवली. सद्सद्विवेकबुद्धीला जे देणे वाटते त्याला कायद्याने पाठ दाखवू नये, एवढेच त्याचे म्हणणे.

हा माणूस संत होता असे मात्र कुणी समजू नये. ज्या व्यापाराचा विश्वास तो सांभाळत होता त्या व्यापारात माणसांचीही विक्री होत होती. १७७२ मध्ये जेम्स सॉमरसेट या गुलामाचे प्रकरण त्याच्यापुढे आले. मालकाने त्याला जमैकाला नेऊन विकण्यासाठी टेम्स नदीतल्या जहाजावर बेड्या घालून ठेवले होते. मॅन्सफिल्डने दोन्ही बाजूंना तडजोड करायला सुचवून पाहिले. ती होईना, तेव्हा २२ जून १७७२ रोजी त्याने निकाल दिला, की इंग्लंडमध्ये कोणत्याही मालकाला गुलामाला जबरदस्तीने देशाबाहेर नेता येणार नाही. सॉमरसेट मोकळा झाला. पण त्याच प्रकरणात, गुलामाच्या विक्रीचा करार करार म्हणून इंग्लंडमध्ये चालतो, हेही तो सांगून गेला. ‘झाँग’ जहाजावरून शंभरहून अधिक गुलाम समुद्रात फेकले गेले आणि जहाजाच्या मालकांनी त्यांच्या विम्याचे पैसे मागितले, तेव्हा १७८३ मध्ये ते प्रकरणही त्याच्याच कोर्टात विम्याचा दावा म्हणून चालले. त्याने फेरसुनावणीचा आदेश दिला. खुनाचा खटला कुणावरच झाला नाही. शब्द पाळण्याचा कायदा कितीही उत्तम असला, तरी शब्द कशाबद्दल दिला आहे हे विचारणारा दुसरा कायदा लागतोच.

त्याच्या घरातली कहाणी याहून वेगळी आहे. लंडनबाहेरच्या केनवुड या त्याच्या वाड्यात दोन मुली वाढत होत्या. स्वतःला मूलबाळ नव्हते. एक होती पुतण्याची मुलगी, एलिझाबेथ मरे. दुसरी डायडो एलिझाबेथ बेल. डायडो त्याच्या भाच्याची, नौदलातल्या जॉन लिंडसेची मुलगी. तिची आई मराया बेल ही आफ्रिकी वंशाची गुलाम स्त्री. दोघी मुलींचे एकत्र काढलेले चित्र आजही स्कूनच्या वाड्यात आहे. डायडोचा दर्जा घरात नेमका काय होता यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याने तिला मायेने वाढवले याबद्दल शंका नाही.

१७८० च्या जून महिन्यात लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध दंगल उसळली. कॅथलिकांवरच्या खटल्यांत मॅन्सफिल्ड सौम्यपणे वागतो, हा जमावाचा राग. ब्लूम्सबरी स्क्वेअरमधले त्याचे राहते घर जमावाने पेटवले. तो आणि त्याची पत्नी मागच्या दाराने निसटले म्हणून वाचले. ग्रंथसंग्रह, टिपणे, आयुष्यभराचे कागदपत्र यांची राख झाली. पुढच्या वर्षी दंगलीला चिथावणी दिल्याच्या आरोपावरून लॉर्ड जॉर्ज गॉर्डनवर खटला झाला, तेव्हा न्यायासनावर मॅन्सफिल्डच होता. गॉर्डन निर्दोष सुटला.

१७८२ साली, म्हणजे ज्या वर्षी त्याने नैतिक कर्तव्य हे प्रतिफल मानले त्याच वर्षी, त्याने आपले मृत्युपत्र केले. डायडो स्वतंत्र आहे, हे त्यात स्पष्ट लिहून ठेवले. तिला पाचशे पौंड रोख आणि वर्षाला शंभर पौंडांचे वर्षासन मिळावे अशी व्यवस्था केली. घरात तिला कुणी गुलाम मानत नव्हते, मग हे लिहायचे कशाला? कायद्याची इतकी वर्षे चाकरी केलेल्या माणसाला उत्तर माहीत होते. मायेपोटी तोंडाने दिलेला शब्द देणाऱ्याबरोबरच मरतो. त्याच्या मागून येणाऱ्या वारसांना तो बांधत नाही. कागद बांधतो. लेखी शब्दाची जी ताकद लॉर्ड्सनी साध्या करारात नाकारली होती, ती मृत्युपत्रात होती. त्याने ती वापरली.

१७८८ मध्ये त्र्याऐंशीव्या वर्षी त्याने खुर्ची सोडली आणि मार्च १७९३ मध्ये तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचे दफन झाले. त्याच वर्षाअखेरीस डायडोने लग्न केले. तिच्या हाती तिचे वर्षासन होते.

मॅन्सफिल्डने उघडलेली खिडकीही इंग्लंडने पुढे बंद करून टाकली. १८४० च्या ईस्टवुड विरुद्ध केन्यन खटल्यात एका पालकाने पोरक्या मुलीच्या शिक्षणासाठी आणि तिची मिळकत सांभाळण्यासाठी कर्ज काढून खर्च केला होता. मुलगी सज्ञान झाल्यावर तिने आणि नंतर तिच्या नवऱ्याने ते फेडण्याचा शब्द दिला. नवऱ्याने तो मोडला. कोर्टाने सांगितले, की उपकार आधीच झालेला, शब्द नंतरचा. नैतिक कर्तव्य हे प्रतिफल नव्हे. पालकाच्या हाती काही लागले नाही.

आता आपल्याकडे वळू. १८७२ साली भारतासाठी करारांचा कायदा झाला. त्याचे २५ वे कलम प्रथम म्हणते, की प्रतिफलाशिवाय केलेला करार व्यर्थ. म्हणजे इथवर इंग्लंडचाच पाढा. पण पुढे तीन अपवाद आहेत आणि ते वाचताना मॅन्सफिल्डची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

पहिला अपवाद घरातला. जवळच्या नात्यातल्या माणसाने स्वाभाविक प्रेमापोटी वचन दिले, ते लेखी केले आणि त्याची नोंदणी केली, तर प्रतिफलाची गरज नाही. बापाने मुलाला हजार रुपये देण्याचे असे वचन दिले तर तो करार होतो, हे उदाहरण कायद्यातच आहे. लेखी वचनांचा जो वर्ग इंग्लंडमध्ये नाकारला गेला, त्याला आपल्याकडे कुटुंबापुरती का होईना जागा मिळाली. फक्त प्रेम खरे हवे. १९०० साली कलकत्ता हायकोर्टापुढे एक दस्त आला. नवऱ्याने बायकोला वेगळे राहण्याचा खर्च नोंदणी करून लिहून दिला होता, पण त्याच दस्तात दोघांच्या भांडणांचा पाढा होता. यात प्रेम कुठे दिसते, असे म्हणून कोर्टाने तो दस्त बाजूला ठेवला.

दुसरा अपवाद कैकेयीचा म्हणावा असा. कुणी आपल्यासाठी आपणहून काही केले आणि नंतर आपण त्याची भरपाई देण्याचा शब्द दिला, तर तो शब्द बंधनकारक. हरवलेले पैशाचे पाकीट कुणी आणून दिले आणि आपण पन्नास रुपये कबूल केले. आपल्या तान्ह्या मुलाला कुणी सांभाळले आणि आपण खर्च देऊ म्हटले. दोन्ही उदाहरणे कायद्यात आहेत आणि दोन्ही ठिकाणी शब्द पाळावा लागतो. इथे कागदाचीही सक्ती नाही. मुंबई हायकोर्टाने १८९५ मध्ये तर एक पाऊल पुढचे टाकले. एका अज्ञान व्यक्तीच्या सांगण्यावरून सुरू झालेली सेवा ती सज्ञान झाल्यावरही चालू राहिली आणि तिच्याबद्दल नंतर वर्षासन देण्याचे वचन दिले गेले. कोर्टाने ते वचन पक्के धरले. लंडनमध्ये ईस्टवुडला जे मिळाले नाही, त्याच्या जवळपासचे इथे मिळाले.

तिसरा अपवाद मुदत टळलेल्या कर्जाचा. सावकाराला दावा लावता येत नाही इतकी वर्षे लोटली, पण ऋणकोने सही करून लिहून दिले की हजारांपैकी पाचशे देतो, तर ते पाचशे द्यावेच लागतात. हे तर मॅन्सफिल्डचे आवडते उदाहरण.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्येही वारे फिरले. महायुद्धाच्या काळात लंडनमधल्या एका इमारतीचे भाडे घरमालकाने निम्मे केले होते. १९४६ मध्ये न्यायमूर्ती डेनिंग यांनी सांगितले, की शब्दावर विसंबून समोरचा वागला असेल, तर मोबदला नव्हता म्हणून शब्द फिरवता येणार नाही. आपल्याकडे हा विचार त्याआधीच डोकावला होता. हावड्याच्या टाऊन हॉलसाठी शंभर रुपये वर्गणी लिहून देणाऱ्याने पुढे हात आखडला. पण वर्गणीच्या भरवशावर नगरपालिकेने कंत्राट देऊन टाकले होते, म्हणून १८८६ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने त्याला ती द्यायला लावली. याउलट १९१४ मध्ये, मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेल्या पाचशे रुपयांबाबत अलाहाबादेत वेगळा निकाल झाला, कारण तिथे कामच सुरू झाले नव्हते. गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्या आपल्या मंडळांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

पुढे हे तत्त्व थेट सरकारला लागू झाले. उल्हासनगरला नगरपालिकेने एका मोठ्या गिरणीला सात वर्षे जकात माफ करण्याचे आश्वासन दिले आणि नंतर ते फिरवले. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की सार्वजनिक संस्थेलाही दिला शब्द मनाला येईल तेव्हा मोडता येत नाही. डिसेंबर १९७८ मध्ये मोतीलाल पदमपत साखर कारखान्याच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी ही वाट आणखी रुंद केली. उत्तर प्रदेश सरकारने वनस्पती तुपाच्या नव्या कारखान्यांना तीन वर्षे विक्रीकर माफ करण्याचे कबूल केले होते. त्यावर विसंबून कारखाना उभा राहिला. मोबदला मिळाला नव्हता, ही सबब सरकारला चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले.

तरीही मांडवात पाटल्या कबूल करणाऱ्या आत्याला कायदा आजही हात लावत नाही, आणि ते बरेच आहे. घरात रोज दिले जाणारे शंभर शब्द कोर्टात जाऊ लागले तर घर राहणार नाही. कायद्याने मॅन्सफिल्डकडून एवढेच घेतले, की गंभीरपणे लिहून दिलेला, उपकाराची फेड म्हणून दिलेला किंवा ज्यावर विसंबून दुसऱ्याने आपले पैसे आणि श्रम घातले असा शब्द मोडू द्यायचा नाही. म्हणून म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणाऱ्या मुलीला घरातले काही द्यायचे असेल, वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या माणसाला काही ठेवायचे असेल, तर नुसते बोलून थांबू नये. कागद करावा, गरज असेल तिथे नोंदणी करावी. बोलणाऱ्याची माया त्याने कमी होत नाही. केनवुडच्या त्या म्हाताऱ्या सरन्यायाधीशाचीही झाली नव्हती.